स्पीच थेरपीच्या आधी: कान, वही आणि मग बाकीचं

मूल दोन वर्षांचं होऊन गेलं आणि दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर वाट बघत बसू नका. 'याचा बापही उशिराच बोलला' हे प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतंच. ऐकून घ्या आणि अपॉइंटमेंट घ्या. पण पहिली अपॉइंटमेंट कानाची. आमच्याकडे हा क्रम उलटा झाला. थेरपी सुरू केली तिथे कानाचा रिपोर्ट कोणी मागितला नाही, आणि कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेलं मूल महिनोन्महिने आवाज काढायचा सराव करत बसलं. आधी कान.

'टीव्ही लागला की आतून धावत येतो, म्हणजे ऐकू येतं' ही तपासणी नव्हे. काही मुलांना हाक ऐकू येते, ट्रकचा हॉर्न ऐकू येतो, पण 'स', 'श', 'फ' पोहोचतच नाहीत. जन्मल्यावर केलेली ओएई (आतल्या कानाची तपासणी) नॉर्मल होती, हेही पुरत नाही. सर्दीनंतर पडद्यामागे साचणारं पाणी पुढे कधीही येऊ शकतं, आणि अनेकदा दुखत नसल्याने कळतही नाही. त्यासाठी टिम्पॅनोमेट्री असते: कानात छोटं बूच, काही मिनिटांचं काम, मूल जागं असलं तरी चालतं, फक्त रडत नको. बेरासाठी (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी तपासणी) मात्र लहान मूल गाढ झोपलेलं लागतं. त्या दिवशी त्याला पहाटे उठवा आणि जाताना गाडीत झोपू देऊ नका. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये डुलकी काढलेलं मूल क्लिनिकात टक्क जागं असतं, आणि पुढची तारीख घेऊन परतावं लागतं. मागच्या सीटवर त्याला जागं ठेवायला कोणीतरी बसलेलंच हवं. झोपेचं औषध घरून पाजून निघू नका, ते तिथे डॉक्टरांसमोरच. आणि नुसता बेरा नॉर्मल आला म्हणून थांबू नका. नेहमीचा क्लिक बेरा मुख्यतः वरच्या पट्टीचं ऐकणं दाखवतो. वयाप्रमाणे खेळत-खेळत करायची ऑडिओमेट्रीही करून मिळेल का, ते विचारा. तपासणीत कानात पाणी सापडलं तर ईएनटी बहुधा तीनेक महिने थांबून पुन्हा बघतात, कारण ते बऱ्याचदा आपोआप जातं. तोवर मुलाच्या समोर, जवळ बसून बोला, आणि थेरपिस्टलाही तसं सांगा.

कान आणि बोलणं दोन्ही एकाच छताखाली हवं असेल तर वांद्रे रेक्लमेशनला केंद्र सरकारची अली यावर जंग संस्था आहे. नवी मुंबईकर हार्बरने वडाळ्याला गाडी बदलून, ठाणेकर दादरला बदलून. सकाळी लवकर पोहोचा, डबा बरोबर घ्या. नवी मुंबईकरांनी वाशीतल्या, महापालिकेच्या दिव्यांगांसाठीच्या ईटीसी केंद्रातही चौकशी करावी.

आता थेरपिस्ट. आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक विचारा, बिचकू नका. तिचा कायदा १९९२चा आहे, ही नोंदणी लागतेच. पदवी ऐकण्या-बोलण्याच्या शास्त्रातली: बीएएसएलपी, किंवा पुढची एमएएसएलपी वा एमएस्सी (एसएलपी). 'स्पेशल कोर्स केलाय' हे उत्तर आलं की उठा. घराजवळचं क्लिनिक निवडा. आठवड्यातून दोनदा ठाण्याहून पवईला जाणं कागदावर जमतं, पावसाळ्यात जमत नाही. मुलाच्या झोपेची वेळ घेऊ नका. वीस सेशनचे पैसे आगाऊ देऊ नका. आणि पहिल्याच भेटीत कानाचा रिपोर्ट न मागणाऱ्या थेरपिस्टला तुम्ही स्वतः तो दाखवा, आणि ती तो वाचते का बघा.

पहिल्या भेटीआधी आठवडाभर एक वही करा. मूल काय म्हणतं ते जसंच्या तसं लिहा, आपण समजून घेतो तसं नाही. 'काका'ला 'ताता', 'गाडी'ला 'दादी' म्हणत असेल तर तसंच. थेरपिस्टला त्यातून लगेच दिसतं की घशाजवळचे आवाज तो दातांकडे आणतोय. 'मम', 'भूभू', 'माऊ', 'गाई' हेही शब्दच, रोज त्याच अर्थाने येत असतील तर मोजा. थेरपिस्ट मराठी नसेल तर 'गाई' म्हणजे झोप हे तिला कसं कळणार? समोर अर्थ लिहा. 'र' बऱ्याच मुलांना उशिराच येतो, त्यावरून तीन वर्षांच्या मुलाला घरात चिडवू देऊ नका. सोबत घरातले दोन-चार व्हिडिओ: जेवताना, आजीशी खेळताना, हट्ट करताना. अनोळखी खोलीत मूल गप्प बसतं, आणि त्या गप्प बसण्यावरच रिपोर्ट लिहिला जातो.

'शाळा इंग्रजी माध्यमाची आहे, घरी मराठी बंद करा' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलत नाही. ज्या भाषेत आजी त्याच्याशी दिवसभर बोलते, ती काढून घेतली तर बोलायला माणूसच उरत नाही.

सेशनमध्ये आत बसू द्या म्हणा. मूल फार चिकटत असेल तर शेवटची दहा मिनिटं तरी. पुढच्या तीन महिन्यांत काय साधायचं ते लिहून घ्या: 'बोलणं सुधारेल' असं नाही, 'स्वतःहून दोन शब्द जोडून मागेल' असं.

घरी: थोडंच, पण रोज. 'बोल, बोल' नको. 'दूध की पाणी?' विचारा, थांबा, मनात पाच मोजा. मोबाइल बंद. बालवाडीच्या बाईंना सांगून ठेवा.

मोठी सर्दी झाली, किंवा हाकेला ओ देणं कमी झालं की कान पुन्हा तपासा. पुन्हा म्हणजे खरंच पुन्हा, जुना रिपोर्ट दाखवून नाही.

तीन महिन्यांनी तो लिहिलेला कागद काढा. काहीच हललं नसेल तर आधी थेरपिस्टशी बोला, मग दुसरं मत घ्या. जाताना फाइलची प्रत मागा.