वाढत्या अंगासाठी वापरलेले कपडे घेताना

जन्माच्या वेळी बाळाची लांबी साधारण ५० सेंटिमीटर असते आणि पहिल्या वाढदिवसाला ती ७५ सेंटिमीटरच्या आसपास पोचते. दुसऱ्या वर्षात सुमारे १२ सेंटिमीटरची भर पडते आणि शाळेच्या वयात हा वेग वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरवर येतो. वापरलेले कपडे कोणत्या वयासाठी घ्यावेत, हे या आकड्यांवरूनच ठरवता येते. पहिल्या दोन वर्षांत कपडा फाटत नाही, तो फक्त आखूड होतो. त्यामुळे या वयाची झबली, टोपडी, स्वेटर आणि फ्रॉक जवळजवळ नव्यासारख्या अवस्थेत पुढे जातात. आठ वर्षांच्या मुलाची पँट मात्र त्याला आखूड होण्याआधीच गुडघ्यावर विरलेली असते, म्हणून त्या मापाचा चांगला जुना माल मिळणेच अवघड असते आणि मिळाला तर तो शंका घेऊनच पाहावा.

किमतीच्या बाबतीत कोल्हापूरकरांना एक सोय आहे, ती म्हणजे गांधीनगर. फाळणीनंतर तेथे वसलेल्या सिंधी कुटुंबांनी उभी केलेली ही कपड्यांची घाऊक बाजारपेठ शहराला लागूनच आहे, आणि वापरलेल्या कपड्याला किती पैसे द्यावेत याची वरची मर्यादा तिथला नव्याचा भाव ठरवतो. समजा, तेथे साधा सुती फ्रॉक २०० रुपयांना मिळत असेल, तर तशाच जुन्या फ्रॉकला १२० रुपये देण्यात काही अर्थ नाही. रोजच्या वापराच्या जुन्या कपड्याला मी नव्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक देत नाही. मूळ छापील किंमत दाखवून कोणी भाव सांगू लागल्यास तिच्याकडे लक्ष देऊ नये, कारण त्या किमतीला तो कपडा मुळात घेतला गेला होता की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही.

सर्वांत चांगला माल पैसे देऊन मिळत नाही, तो नात्यात मिळतो. थोरल्या जावेच्या मुलाचे कपडे आपल्या मुलाला घालण्यात आपल्याकडे कधीच कमीपणा मानला गेलेला नाही. तान्ह्याला तर नव्या कडक कापडापेक्षा धुऊन मऊ झालेले झबलेच घालावे, असे घरातली वडीलधारी माणसे आवर्जून सांगतात. तरीही मागताना वेळ साधावी लागते. घरोघरी दिवाळीची आवराआवर सुरू होते आणि जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणी दारावर येऊ लागतात, त्याच्या आठवडाभर आधी ओळखीच्या घरी शब्द टाकावा. पातेल्याच्या बदल्यात जाणारे कपड्यांचे गाठोडे आपल्याकडे वळले, तर रोख पैसे किंवा तशाच किमतीचे भांडे देऊ करावे, म्हणजे देणाऱ्यालाही संकोच वाटत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा फेसबुकवर व्यवहार करायचा असल्यास कपडा हातात घेऊन पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नयेत, आणि आपले जुने कपडे विकताना हे ध्यानात ठेवावे की पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही.

कपडा पाहण्याचे काम दिवसाच्या उजेडात करावे. पिवळ्या दिव्याखाली दुधाचे डाग दिसत नाहीत. कापड उजेडासमोर धरले की विरलेला भाग लगेच कळतो. विशेषतः पँटचे आसन, गुडघे, कोपर आणि काखेतली शिवण या चार जागा पाहाव्यात. त्यानंतर कपडा उलटा करावा आणि शिलाईत किती माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेले जादा कापड, ठेवली आहे ते तपासावे. मी तर रंगाआधी मायाच पाहते. बाजूच्या शिवणीत बोटभर माया आणि खाली चांगली दुमड असेल, तर शिंप्याकडून सोडवून घेऊन तोच फ्रॉक आणखी वर्षभर चालतो. मात्र सोडवलेल्या जागी जुन्या दुमडीची गडद रेघ उमटते, तेव्हा तेथे लेस किंवा पट्टी लावावी लागेल हे गृहीत धरावे.

इलॅस्टिक ओढून पाहावे. ते ढिले असले तरी बदलणे स्वस्त आणि घरच्या घरी होण्यासारखे आहे. चेन मात्र पाच-सहा वेळा वरखाली करून पाहिल्याशिवाय कपडा घेऊ नये. एकदा सुंदर विणकामाला भुलून मी ५० रुपयांना एक स्वेटर घेतला आणि नवी चेन बसवून घेण्यासाठी त्याहून अधिक मोजले. टिच बटणे निसटलेली असल्यास किंवा एखादे बटण सैल असल्यास, तीन वर्षांखालील मूल ते तोंडात घालते हे लक्षात घेऊन घरी आणताच पक्के करावे. गळ्याशी किंवा टोपीला लांब नाडी असेल तर ती ओढून काढूनच टाकावी, कारण खेळताना ती अडकून गळ्याला फास बसू शकतो. ‘बावीस नंबर’, ‘चोवीस नंबर’ या खुणांवर विसंबू नये. धुण्याने कपडा आटलेला असतो आणि प्रत्येक कंपनीचे माप निराळे असते. मुलाच्या छातीचे, कमरेचे आणि खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचे माप कागदावर लिहून तो कागद व टेप सोबत ठेवावी.

सगळ्यात जास्त बचत सणावाराच्या कपड्यांत होते. लग्नासाठी घेतलेली शेरवानी किंवा काठापदराचे परकर-पोलके दोन-तीनदाच अंगावर चढते, त्यामुळे अशा कपड्याला नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत पैसे द्यायला हरकत नाही. फक्त आतून अस्तर आहे ना, आणि जरीकाम टोचत नाही ना, हे हात फिरवून पाहावे. स्नेहसंमेलनाचा पोशाख मात्र जुनाही विकत घेऊ नये, तो ड्रेपरीतून भाड्याने आणावा.

गणवेशासाठी वार्षिक परीक्षा संपल्यावर लगेच वरच्या वर्गातील मुलांच्या घरी विचारावे, कारण जून उजाडला की सगळेच शोधू लागतात. त्याआधी शाळेचा गणवेश यंदा बदलणार नाही याची खात्री करावी. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत पहिली ते आठवीच्या मुलांना गणवेश मोफत मिळतो, तेथे जादा जोडापुरतीच ही खटपट.

पावसाळ्यात, शक्यतो, खरेदीच करू नये. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपडे नीट वाळत नाहीत, आणि कुबट वास किंवा बुरशीचे काळे ठिपके एकदा धरले की सुती कापडावरून ते पूर्ण जात नाहीत. जुना रेनकोटही घेऊ नये. घडीवर तो चिरलेला असतो आणि ते पहिल्या पावसातच कळते. आतले कपडे, मोजे आणि बूट नवेच घ्यावेत. बूट तर दुसऱ्या मुलाच्या पावलाप्रमाणे आतून दबलेले असतात.

घरी आणलेले गाठोडे थेट कपाटात ठेवू नये. खरजेचा किडा माणसाच्या अंगापासून दूर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त सहसा जगत नाही, तरी पिशवीचे तोंड घट्ट बांधून ती आठवडाभर बाजूला ठेवावी आणि मग सुती कपडे कडक पाण्यात, लोकरीचे कोमट पाण्यात रिठ्याने धुऊन उन्हात वाळवावेत. डांबरगोळ्यांचा वास येत असेल तर विशेष काळजी घ्यावी. त्यांतल्या नॅप्थलीनमुळे काही नवजात बाळांच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते, म्हणून असे कपडे धुऊन, काही दिवस उन्हावाऱ्यावर टाकून, वास पूर्ण गेल्यावरच तान्ह्याच्या अंगाला लावावेत. पुढच्या वर्षासाठी घेतलेले मोठ्या मापाचे कपडे ठेवताना गोळ्यांऐवजी कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा आणि पिशवीवर छातीचे माप व महिना लिहून ठेवावा, नाहीतर स्वेटर सापडतो तेव्हा तो मुलाला आखूड झालेला असतो.