रोजच्या अप-डाऊनसाठी पहिली मोटारसायकल घेताय? या चुका टाळा

भाच्याला जळगाव एमआयडीसीत नोकरी लागली. घर एरंडोलला. जायला पस्तीस, यायला पस्तीस, म्हणजे रोजचे ७० किलोमीटर. ऑर्डर हातात पडली त्याच संध्याकाळी तो मोबाइलमध्ये गाडीचा फोटो घेऊन माझ्याकडे आला. "मामा, हीच घ्यायची." गाडी देखणी होती, तरण्या पोराला आवडावी अशीच. मी त्याला विचारलं, "सकाळी साडेसातला पाळधीच्या रस्त्यावर काय काय चालतं, पाहिलंय का कधी?" तो गप्प बसला. त्याने गाडी पाहिली होती, रस्ता पाहिला नव्हता.

मी स्वतः अकरा वर्षं धरणगाव–जळगाव अप-डाऊन केलं. पहिल्या गाडीची निवड चुकली आणि ती दोन वर्षांत पडत्या भावात विकावी लागली. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून आज जो विचारेल त्याला बसवून सांगतो.

पस्तीस किलोमीटर सगळीकडे सारखे नसतात

पहिली चूक इथेच होते. लोक अंतर सांगतात, रस्ता सांगत नाहीत. राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असं जाणारा माणूस दिवसभर ट्रक आणि कंटेनरच्या सोबत चालतो. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावर रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा या पट्ट्यात केळीच्या गाड्या असतात आणि मध्येच शेतातून वर चढणारा ट्रॅक्टर असतो. धुळे–शिरपूर रस्ता चौपदरी, तिथे सगळी वाहनं वेगात. आणि गावातून तालुक्याला जाणारा रस्ता म्हटला की खड्डे, गतिरोधक आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. तो मडगार्डमध्ये असा भरतो की चाक फिरत नाही, काडीने उकरून काढावा लागतो.

या चारही रस्त्यांना एकच गाडी चालेल, असं सांगणाऱ्याने त्यातला एकच रस्ता पाहिलेला असतो.

माझं मत स्पष्ट आहे. रोजचे चाळीसपर्यंत किलोमीटर आणि रस्ता गावातला असेल, तर १०० ते ११० सीसीची साधी गाडी घ्या. तिच्यापेक्षा मोठी घेऊन पैसे अडकवू नका. पन्नास ते ऐंशी किलोमीटर आणि त्यात हायवे असेल, तर पाच गिअरची १२५ सीसी. त्याहून जास्त, तेही चौपदरीवर, असेल तर १५०–१६० सीसीचा विचार करा. पण हात वर्षभर गाडीवर बसल्यानंतर.

फक्त ऍव्हरेज पाहून घेणं

आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "किती देते?" प्रश्न रास्त आहे, पेट्रोल शंभराच्या वर गेलंय. पण हिशेब पूर्ण करा. रोज ७० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १,८२० किलोमीटर. १०० सीसीची गाडी ६५ देते असं धरलं तर महिन्याला २८ लिटर लागतं. १२५ सीसी ५५ देईल, तिला ३३ लिटर. १६० सीसी ४५ देईल, तिला ४० लिटर. म्हणजे १०० आणि १२५ मध्ये फरक पाच लिटरचा, साधारण पाचशे-साडेपाचशे रुपयांचा.

त्या पाचशे रुपयांत काय मिळतं, हे हायवेवर गेल्यावर कळतं. स्प्लेंडर प्लस घ्या. ९७.२ सीसी, चार गिअर, वजन ११२ किलो. खान्देशात गल्लोगल्ली दिसते, कोणत्याही गावात मिस्त्री आणि सुटे भाग मिळतात, गाडी म्हणून तिला नावं ठेवायला जागा नाही. पण ७० च्या वेगावर तिच्याकडे हातचं फारसं उरत नाही. पुढे उसाची ट्रॉली, मागे कंटेनर, समोरून एसटी दिसतेय आणि आता ओव्हरटेक करायचंय, अशा वेळी पिकअप लागतो. शाइन, एसपी १२५, रेडर, सुपर स्प्लेंडर या १२५ सीसीच्या गाड्यांना पाच गिअर आहेत. त्याच वेगात इंजिन निवांत चालतं आणि गरज पडली तर थोडा दम शिल्लक असतो. रोज दीड-दोन तास तेच इंजिन हाताखाली थरथरणार असेल, तर निवांत चालणारं इंजिन ही चैन नव्हे.

उलट चूकही तितकीच होते. नवशिका पोरगा थेट ३५० सीसीवर बसतो. क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो भरतं, १२५ सीसीच्या गाडीपेक्षा सत्तर-ऐंशी किलो जास्त. चालताना ते जाणवत नाही. जाणवतं ते अजिंठा चौफुलीवर, संध्याकाळी सहाच्या गर्दीत, अर्ध्या क्लचवर पाय टेकवत पुढे सरकताना. आणि पार्किंगमधून उताराला लावलेली गाडी मागे ओढताना.

शोरूमच्या दारात चक्कर मारून ठरवणं

शोरूमवाले पाचशे मीटरची चक्कर देतात. पाचशे मीटरला कुठलीही गाडी चांगलीच वाटते. पस्तिसाव्या किलोमीटरला कंबर काय म्हणते, ते तिथे कळत नाही.

सीटची उंची आधी बघा. स्प्लेंडरची ७८५ मिलिमीटर, रेडरची ७८०, प्लॅटिना ११० ची ८०७. कागदावर हा दोन बोटांचा फरक वाटतो, पण पाच फूट दोन इंचाच्या माणसाला चिखलात पाय टेकवताना तो फार मोठा असतो. गाडी मेन स्टँडवरून उतरवून बसा, दोन्ही पाय टेका. टाचा पूर्ण टेकल्या नाहीत तरी चालेल, पण चवडे भक्कम टेकले पाहिजेत. मग हँडल धरून पाच मिनिटं तसंच बसा, मोबाइल न बघता. मनगटांवर भार येत असेल, पाठ पुढे वाकत असेल, तर ती गाडी रोजच्या कामाची नाही. पुढे झुकवून बसवणाऱ्या गाड्या दिसायला छान असतात. माझी पहिली गाडी तशीच होती. संध्याकाळी घरी पोचलो की हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालेलं असायचं, जेवताना घास नीट धरता यायचा नाही.

ओळखीत ज्याच्याकडे तसलीच गाडी असेल त्याच्याकडून ती दोन दिवस मागून घ्या. लायसन्स आणि गाडीचे कागद सोबत ठेवा आणि आपल्याच रस्त्यावर, आपल्याच वेळेला चालवा. बांभोरीजवळ गिरणेच्या पुलावर आडवा वारा लागतो आणि शेजारून ट्रक गेला की गाडी हातभर सरकते. ती किती सरकते आणि तुम्ही किती घाबरता, हे दोन्ही तिथेच कळतं.

ब्रेक आणि लाइट: इथे पैसे वाचवू नका

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना किमान सीबीएस आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय, बंधनकारक झालं. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. नवशिक्याला हे चांगलं, कारण घाबरल्यावर पाय आधी जातो. पण दोन्ही चाकांना ड्रम आणि पुढे डिस्क अशी दोन मॉडेल असतील, तर डिस्कवालं घ्या. तीन-चार हजारांचा फरक पडतो, पडू द्या.

हेडलाइट रात्री बघा. शोरूमच्या ट्यूबलाइटखाली काहीच कळत नाही. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू झाला की अंधारात ट्रॉल्या रस्त्यावर असतात. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, वर कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. समोरच्या गाडीचा प्रकाश डोळ्यावर असताना ती ट्रॉली वीस पावलांवर आल्यावर दिसते. माझ्या ओळखीचे दोघे जण अशाच ट्रॉलीवर मागून आदळले. म्हणून सांगतो, लाइटचा झोत रस्त्यावर किती लांब पडतो ते स्वतः पाहिल्याशिवाय गाडी ठरवू नका. हेल्मेट आयएसआय खुणेचंच घ्या, काच पांढरी ठेवा. काळी काच संध्याकाळी घात करते.

हप्त्याचा आणि वॉरंटीचा हिशेब

ज्या शोरूममध्ये मी भाच्यासोबत गेलो, तिथे "फक्त १० टक्के" असं सांगितलं. तो फ्लॅट रेट होता. ८०,००० रुपये कर्ज, १० टक्के फ्लॅट, तीन वर्षं. व्याज झालं २४,०००, हप्ता २,८८९. पण आपण मुद्दल दर महिन्याला फेडत असतो आणि व्याज मात्र पूर्ण रकमेवर तीन वर्षं लावलेलं असतं. घटत्या शिल्लकेवर मोजलं तर हाच दर १८ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून "फ्लॅट की रिड्यूसिंग?" हे थेट विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. आपल्या बँकेत किंवा पतपेढीतही एकदा विचारून बघा.

किंमत विचारताना ऑन रोड विचारा, आणि त्यात काय काय धरलंय तेही. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो आणि तो सीसीवर ठरतो. १५० सीसीची रेघ ओलांडली की हा विमा दुपटीच्या जवळ जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे त्याआधीची ऐकीव किंमत धरून बसू नका.

वॉरंटीकडे अप-डाऊनवाल्याने वेगळ्या नजरेने बघावं. "पाच वर्षं किंवा ७०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते" असं लिहिलेलं असतं. आपण वर्षाला जवळपास २२,००० किलोमीटर चालवतो, म्हणजे आपली वॉरंटी सव्वातीन वर्षांत संपते. फ्री सर्व्हिसिंगचंही तेच. शेजाऱ्याच्या वर्षभर पुरतात, आपल्या काही महिन्यांत उरकतात. सर्व्हिसिंगची तारीख पाहू नका, मीटर पाहा.

सीएनजीवर चालणारी फ्रीडम १२५ जुलै २०२४ मध्ये आली. खर्चाच्या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे, पण तुमच्या रस्त्यावर पंप आहे का आणि त्याच्यावर रांग किती असते, हे आधी बघा. सीट ८२५ मिलिमीटर उंच आहे.

आणि एक सांगून ठेवतो. नोकरी स्टेशनजवळ असेल आणि तुम्ही भुसावळ–सुरत लाइनवर धरणगाव, अमळनेर, नंदुरबारकडे राहत असाल, तर गाडी घेण्याआधी रेल्वेच्या पासाचा आणि वेळापत्रकाचा एकदा विचार करा. वेळ जुळत असेल तर मे महिन्यातल्या चौरेचाळीस-पंचेचाळीस अंशांत रस्त्यावर भाजून निघायची काय गरज?

गाडी आल्यावर होणारे त्रास

भाच्याने शेवटी १२५ घेतली. तिसऱ्या महिन्यात, पावसाळ्यात, पाळधीच्या अलीकडे गाडीतून कटकट आवाज यायला लागला आणि पिकअप झटके देऊ लागला. रस्त्याकडेच्या गॅरेजवर गेला. मिस्त्रीने विचारलं, "काय हुयनं भाऊ?" आणि उत्तराची वाट न बघता चेनकव्हरवरचं काळं रबरी बूच काढलं, आत बोट घातलं. बोट लालसर निघालं. चेन कोरडी, गंजलेली, आणि इतकी सैल की खालच्या बाजूला दोन इंच हलत होती. बंद कव्हरच्या गाडीत चेन दिसत नाही, म्हणून लोक तिला विसरतात. त्या बुचातून दर आठवड्याला बघा. मधोमध साधारण एक इंच हलली पाहिजे, नेमकं माप पुस्तिकेत असतं. दर पाचशे किलोमीटरला वंगण द्या. आपल्या हिशेबात म्हणजे दर सात-आठ दिवसांनी. पावसात भिजली तर त्याच रात्री.

ऍव्हरेज अचानक कमी झालं तर लगेच इंजिन उघडायला देऊ नका. आधी सकाळी थंड टायरची हवा बघा. दुपारी उन्हात तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते, ती काढून टाकली की संध्याकाळी टायर कमी हवेवर चालतो. मग एअर फिल्टर. आपल्याकडची धूळ त्याला फार लवकर भरते. नंतर गाडी मेन स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवा, अडखळत असेल तर ब्रेक घासतोय. शेवटी क्लच: लिव्हरला जरासा ढिलेपणा हवा. तो नसेल तर क्लच घसरतो, इंजिन ओरडतं आणि गाडी तेवढी पळत नाही.

ऑइलची पातळी दर पंधरा दिवसांनी बघा, गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून, इंजिन बंद केल्यावर थोडं थांबून. रोज लांब पल्ला चालणारी गाडी ऑइल हळूहळू खाते आणि उन्हाळ्यात जास्त. पातळी खालच्या खुणेच्या खाली गेलेली असताना महिनाभर चालवली, तर पुढचा खर्च हप्त्यापेक्षा मोठा येतो.

पुलावर किंवा ट्रक शेजारून जाताना हँडल डुगडुगत असेल तर दोष वाऱ्याला देऊ नका. पुढचं चाक उचलून हँडल डावी-उजवीकडे सावकाश फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलाय. खड्ड्यांच्या रस्त्यावर तो लवकर जातो आणि बदलायला फार खर्च येत नाही.

भाचा आता दर रविवारी सकाळी अंगणात गाडी स्टँडवर लावतो, बूच काढतो आणि बोट घालून बघतो. परवा त्याच्या कंपनीतला धरणगावचा एक पोरगा गाडी विचारायला त्याच्याकडे आला होता. भाच्याने त्याला आधी विचारलं, "शिफ्ट कोणती आहे तुझी? रात्री परत येणार का?"