घेवड्यावर सूक्ष्म अन्नद्रव्ये फवारताना या चुका टाळा

उसाच्या सरीत आंतरपीक म्हणून घेतलेला घेवडा पिवळा पडला, की आपल्या कोल्हापूर भागात पहिली धाव कृषी सेवा केंद्राकडे असते. पिवळेपणा नेमका कोणत्या पानांवर आला आहे, हे न पाहताच लोह, जस्त, बोरॉन अशा सूक्ष्म अन्नद्रव्यांची (पिकाला अगदी थोड्या प्रमाणात लागणाऱ्या अन्नद्रव्यांची) बाटली घरी येते आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक तीच आहे.

शिरोळकडच्या चुनयुक्त काळ्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. लोह जुन्या पानांतून नव्या पानांकडे सहज सरकत नसल्याने शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असतील, तर बहुधा नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलेले असते आणि तेथे लोह फवारून उपयोग नाही. सततच्या पावसाने सरीत पाणी तुंबले असल्यास आधी चर काढून द्यावा. वाफसा आल्यावर पीक अनेकदा आपोआप सावरते. आजरा, चंदगडच्या तांबड्या आम्ल जमिनीत मॉलिब्डेनमची उपलब्धता घटते. मुळांवरच्या गाठींना हवेतील नत्र पिकासाठी बांधून घ्यायला (नत्र स्थिरीकरणाला) हे सूक्ष्म अन्नद्रव्य लागते, म्हणून तेथे रोप उपटून मुळांवरची गाठ फोडून पाहावी. ती आतून गुलाबी नसेल, तर नत्र स्थिरीकरण नीट होत नाही असे समजावे आणि पुढील हंगामापूर्वी माती परीक्षणानुसार चुना देण्याचा विचार करावा.

प्रमाणाची चूक ही त्याच्या खालोखाल. झिंक सल्फेट किंवा फेरस सल्फेटचे अर्धा टक्का द्रावण म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम, आणि त्यात निम्म्या वजनाच्या चुन्याची गाळलेली निवळी घातली, तर पाने करपण्याचा धोका कमी होतो. बोरॉनच्या बाबतीत मात्र हात फार आखडता ठेवावा. परागनलिका वाढून शेंग धरण्यासाठी ते आवश्यक असले, तरी कमतरता आणि विषबाधा यांमधले अंतर घेवड्यात अगदी थोडे असते. बोरिक अ‍ॅसिड लिटरला 1 ग्रॅम पुरे.

झिंक सल्फेट आणि 0:52:34 (स्फुरद व पालाश असलेले विद्राव्य खत) एकाच पंपात ओतू नये. जस्त व स्फुरद यांचा न विरघळणारा साका तयार होतो, नोझल तुंबते आणि दोन्हींचे पैसे वाया जातात. फवारणी फुलकळी दिसण्याच्या सुमारास, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर करावी. शेंगा भरल्यानंतरच्या फवारणीने गळून गेलेली फुले परत येत नाहीत.

उसात टू-फोर-डी मारलेला पंप घेवड्याला वापरू नये, ही आपल्याकडची खास काळजी. त्या तणनाशकाच्या अंशानेही घेवड्याची पाने आक्रसतात, शेंडा वाकडा होतो आणि ती बोरॉनची कमतरता समजून पुन्हा फवारणी केली जाते. या कामासाठी पंप वेगळाच ठेवावा, आणि प्रत्येक प्लॉटमध्ये दोन सऱ्या न फवारता सोडून त्यांच्या शेंगांचे वजन स्वतंत्र करावे. त्या सऱ्यांचे उत्पादन बाकीच्यांइतकेच भरले, तर त्या जमिनीत ती कमतरता बहुधा नव्हतीच.