पत्रकारितेवरचा थरारपट दाखवताय? प्रेक्षकांची मतं अशी गोळा करा

पत्रकारितेवरचा राजकीय थरारपट संपला, दिवे लागले की सभागृहात हमखास दोन वाक्यं ऐकू येतात. 'काय काम केलंय राव!' आणि 'आता कुठे राहिलेत असले पत्रकार?' पहिल्यातून सिनेमाबद्दल काही कळत नाही, दुसऱ्यातून पत्रकारितेबद्दल. फिल्म सोसायटी, वाचनालय किंवा महाविद्यालयाचा पत्रकारिता विभाग असा खेळ लावणार असेल, तर याच्या पुढची मतं बाहेर काढायची एक पद्धत इथे देतोय. ती चाळीस ते साठ प्रेक्षकांसाठी बेतलेली आहे. शंभराच्या वर माणसं असतील तर चर्चा सोडा, फक्त कार्डं गोळा करा.

मत आधी कागदावर घ्यायचं आणि बोलणं नंतर. दिवे लागताच माईक फिरवला की पहिला खड्या आवाजाचा माणूस जे बोलेल तेच पुढचे दहा जण थोड्या वेगळ्या शब्दांत बोलतात. मागच्या रांगेत ज्याला काही निराळं वाटलेलं असतं, तो चप्पल शोधत निघून जातो.

सिनेमा कोणता घ्यावा

'सिंहासन' (१९७९) मराठी प्रेक्षकांना सगळ्यात जवळचा. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. निळू फुल्यांचा दिगू टिपणीस मंत्र्यांच्या घरापासून रस्त्यापर्यंत सगळीकडे असतो, त्याला सगळं ठाऊक असतं. मग त्यातलं छापून किती येतं, हा विचारायचा प्रश्न. अडचण अशी की मुख्यमंत्री जिवाजीराव म्हणजे खरा कोण आणि अर्थमंत्री दाभाडे म्हणजे कोण, हे ओळखण्याचा खेळ सुरू होतो. त्यात अर्धा तास सहज जातो आणि दिगू बाजूलाच राहतो. पहिल्या प्रयोगाला हा सिनेमा घेऊ नका.

'न्यू दिल्ली टाइम्स' (१९८६) मधला शशी कपूरचा संपादक खरी बातमी खणून काढतो आणि ती खरी असूनही राजकारण्यांच्या डावातलं प्यादं ठरतो. मुरलेल्या प्रेक्षकांसाठी हा उत्तम. कारण इथे 'खरं छापलं ना, मग झालं' हे उत्तर पुरत नाही.

सुरुवात 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन' (१९७६) पासून करावी. वॉटरगेट प्रकरण (विरोधी पक्षाच्या कचेरीतली घरफोडी, जिचे धागे अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्यापर्यंत गेले), 'वॉशिंग्टन पोस्ट'चे बातमीदार वुडवर्ड आणि बर्नस्टीन. कारण साधं आहे: यात बातमीदार चुकतात, आणि चूक नेमकी कुठे झाली ते पडद्यावर बोट ठेवून दाखवता येतं.

आधीची तयारी

हक्कधारकाची लेखी परवानगी पाहिजेच. घरच्या ओटीटी खात्यावरून सभागृहात सिनेमा लावता येत नाही, ते खातं वैयक्तिक वापरापुरतं असतं. परवानगी यायला वेळ लागतो, म्हणून तारीख आधी जाहीर करून टाकू नका.

'प्रेसिडेंट्स मेन'ची लांबी १३८ मिनिटं. त्यात १० मिनिटं मध्यंतर, ७ मिनिटं लेखन, १५ मिनिटं चहा, ४० मिनिटं चर्चा धरली की साडेतीन तास होतात. चारला सुरू केलं तर साडेसात. पाहुण्यांचा सत्कार आणि प्रास्ताविक यात बसत नाही. ते कापा, चर्चा कापू नका.

आवाज सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसून तपासा, तोही पंखे चालू ठेवून. या सिनेमात निम्मं नाट्य टेलिफोनवर आहे, माणसं कुजबुजतात. इंग्रजी सबटायटल लावाच.

नावांचा गोंधळ हा या सिनेमाचा खरा त्रास. प्रेक्षक कंटाळतात ते संथपणामुळे नाही, हा स्लोन कोण होता ते विसरल्यामुळे. म्हणून अर्ध्या पानाची नावपट्टी द्या. आठ नावं बास: ब्रॅडली (संपादक), रोझेनफेल्ड (शहर विभागाचा प्रमुख), स्लोन (निक्सनच्या निवडणूक समितीचा खजिनदार, राजीनामा दिलेला), मिचेल (माजी ॲटर्नी जनरल, प्रचारप्रमुख), डालबर्ग (ज्याचा २५ हजार डॉलरचा चेक घरफोड्याच्या बँक खात्यात निघाला), सेग्रेटी (विरोधकांच्या प्रचारात खोड्या काढणारा), हाल्डमन (व्हाइट हाउसचा चीफ ऑफ स्टाफ) आणि डीप थ्रोट. शेवटच्यापुढे काही लिहू नका. बातमीदारांना गुपचूप माहिती देणारा हा माणूस एफबीआयचा मार्क फेल्ट होता हे २००५ मध्ये उघड झालं, पण पडद्यावर तो अंधारातच राहू द्या.

कार्ड

ए-फोर कागदाचे चार तुकडे, म्हणजे पोस्टकार्डाएवढं कार्ड. साठ माणसांना १५ कागद लागतात, १८ छापा. कागद जाड घ्या, लोक मांडीवर लिहितात. पेनांऐवजी पेन्सिली वाटा. पेनं परत येत नाहीत, पेन्सिली येतात.

एका बाजूला मध्यंतराचा एकच प्रश्न: 'आत्ता हाती आहे तेवढ्यावर उद्याच्या अंकात वरच्या माणसाचं नाव घेऊन बातमी द्याल?' खाली दोन चौकोन, 'देईन' आणि 'थांबेन'.

दुसऱ्या बाजूला, सिनेमा संपल्यावर भरायला, तेच दोन चौकोन पुन्हा आणि तीन प्रश्न. बातमीदाराचा किंवा संपादकाचा कोणता एक निर्णय तुम्हाला चुकीचा वाटला, आणि तो कोणत्या प्रसंगात? त्या क्षणी त्याला काय माहीत होतं आणि काय नव्हतं? त्याच्या जागी तुम्ही काय केलं असतं?

'सिनेमा आवडला का' विचारू नका आणि तारे तर मुळीच मागू नका. पाचपैकी चार तारे सगळेच देतात आणि लिहायचं काम संपलं असं समजतात. दुसरा प्रश्न लोकांना जड जातो, पण तोच सोन्याचा. शेवट माहीत झाल्यावर सगळेच शहाणे असतात. त्या क्षणाची माहिती वेगळी काढायला लावली की मत बदलतं, कधी कधी लिहिता लिहिताच. खोडलेली ओळ दिसली तर ती नीट वाचा.

नाव लिहायला सांगू नका. वय आणि पेशा लिहिणं ऐच्छिक ठेवा.

दहापर्यंत मोजण्याचा प्रसंग

मध्यंतर निवडणूक समितीच्या हिशेबनीस बाईच्या घरातला प्रसंग संपल्यावर घ्या. तो जवळपास मध्यावर येतो. फोन चालू असताना सिनेमा थांबवलात तर लोक माफ करणार नाहीत.

चर्चेसाठी नंतर एकच तुकडा पुन्हा दाखवायचा, त्याची वेळ आधी टिपून ठेवा. निवडणूक समितीच्या गुप्त निधीवर हाल्डमनचा ताबा होता आणि स्लोनने तसं ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे) सांगितलं, ही बातमी पक्की करायची आहे. बर्नस्टीन न्याय खात्यातल्या एका वकिलाला फोन लावतो. वकील बोलायला तयार नाही. मग बर्नस्टीन तोडगा काढतो: मी दहापर्यंत मोजतो, बातमीत गडबड असेल तर त्याआधी फोन ठेवा, दहानंतरही तुम्ही लाइनवर असाल तर बातमी बरोबर. आकडे मोजले जातात, फोन ठेवला जात नाही, बातमी लागते. दुसऱ्या दिवशी स्लोनचा वकील टीव्हीवर सांगतो की माझ्या अशिलाने ग्रँड ज्युरीपुढे असं काही सांगितलेलंच नाही.

प्रत्यक्षातही हे घडलं होतं. बातमी २५ ऑक्टोबर १९७२ च्या अंकातली. फोनवरच्या वकिलाने सूचना उलट्या समजून घेतल्या होत्या. आणि हाल्डमनचा संबंध खरा होता. स्लोनला ग्रँड ज्युरीपुढे त्याबद्दल विचारलंच गेलं नव्हतं, म्हणून त्याने सांगितलं नव्हतं. म्हणजे तथ्य बरोबर, 'कोणी, कुठे सांगितलं' हे चूक.

इथे सभागृहाला विचारा: मग बातमी खरी की खोटी? उत्तर येण्याआधी एक मिनिट कुणालाही बोलू देऊ नका. पाठोपाठ दुसरा प्रश्न: मौन हा दुजोरा धरता येतो का? 'सूत्रांच्या माहितीनुसार' हे शब्द आपण रोज वाचतो. त्यांच्यामागे काय काय असू शकतं, ते या एका फोनमधून लोकांना जेवढं कळतं तेवढं तासाभराच्या व्याख्यानातून कळत नाही.

कार्डं लावणं आणि बोलणं

सिनेमा संपल्यावर निम्मेच दिवे लावा, सात मिनिटं शांतता. पूर्ण उजेड झाला की गप्पा सुरू होतात. चहाच्या वेळात दोघांनी कार्डांचे पाच गठ्ठे करायचे: पडताळणी, सूत्राचं संरक्षण, संपादक आणि मालक, बातमीदाराचा कुणीतरी केलेला वापर, आणि निव्वळ सिनेमाबद्दलची मतं. पाचव्या गठ्ठ्याला कमी लेखू नका. पण दोनतृतीयांश कार्डं त्यातच गेली, तर प्रश्न छापताना तुमचं काहीतरी चुकलंय.

चर्चेची सुरुवात सगळ्यात लहान गठ्ठ्यापासून करा. दोन कार्डं मोठ्याने वाचा, मग माईक. माणशी दोन मिनिटं, घंटी वाजली की थांबायचं. बोलणाऱ्याने आधी प्रसंग सांगायचा, मग मत. या एका नियमाने निम्मी भाषणबाजी गळून पडते.

तरीही दहाव्या मिनिटाला कुणीतरी आजच्या पक्षांवर घसरतोच. त्याला गप्प केलंत तर पत्रकारितेच्या स्वातंत्र्यावरच्या कार्यक्रमात मुस्कटदाबी झाली अशी बोंब होईल, आणि ती अगदीच चुकीची नसेल. शेवटची दहा मिनिटं त्यासाठी राखून ठेवा आणि तसं सुरुवातीलाच सांगा.

'सगळा मीडिया विकला गेलाय' हे वाक्य आलं की वाद घालू नका, विचारा: कोण विकला गेला? बातमीदार, वृत्तसंपादक, संपादक, मालक की जाहिरात विभाग? बातमी आणली कुणी, दाबली कुणी, आतल्या पानावर एका कॉलमात कुणी ढकलली? सिनेमातल्या प्रसंगाशी जोडून उत्तर द्यायला लावलं की आवाज आपोआप खाली येतो.

पत्रकार पाहुणा बोलावलात तर त्याला सगळ्यात शेवटी माईक द्या. आधी बोलला की तज्ज्ञासमोर बाकीचे तोंड उघडत नाहीत. त्याला एक प्रश्न येणार हे आधीच सांगून ठेवा: आपल्याकडे पत्रकाराला सूत्राचं नाव सांगावं लागतं का? १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यानुसार कौन्सिल ती सक्ती करू शकत नाही. पण हे संरक्षण कौन्सिलपुरतं आहे, न्यायालय नाव विचारू शकतं. या फरकावर बरेच लोक चकतात.

मतं छापताना

एका पानाचा अहवाल पुरे. टक्केवारी देऊ नका. ४८ कार्डांत '३९.६ टक्के' लिहिणं हास्यास्पद दिसतं, '४८ पैकी १९' लिहा. मध्यंतराचा आणि शेवटचा कौल शेजारी मांडा: समजा २२ जण 'थांबेन'वरून 'देईन'कडे गेले आणि ५ जण उलटे आले, तर त्या पाचांची कार्डं पूर्ण छापा. एखादं चुरचुरीत वाक्य सगळ्यांना आवडतं म्हणून ते मथळ्यावर चढवू नका, ते एकाच माणसाचं मत असतं. मजकूर कापला तर टिंबं द्या, शुद्धलेखन सुधारलं तरी शब्द बदलू नका. आणि कुणी येऊन 'मी असं म्हटलं नव्हतं' म्हणालं, तर मूळ कार्ड काढून दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी सगळी कार्डं सिनेमाचं नाव आणि तारीख घातलेल्या पाकिटात, पुढचा खेळ होईपर्यंत तरी, जपून ठेवा.