जुन्या जीपचा डिफरन्शियल रेशो घरच्या घरी कसा मोजावा

जुनी विलीज किंवा महिंद्राची सीजे-३बी घेताना लोक पत्रा ठोकून बघतात, इंजिनाचा धूर बघतात. डिफरन्शियलचा रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून ॲक्सलकडे येणारा शाफ्ट किती फेरे घेतो तो आकडा, मात्र क्वचितच कुणी विचारतं. गाडी फोर-बाय-फोरमध्ये चालवायची असेल तर पहिला प्रश्न हाच हवा: पुढचा आणि मागचा रेशो एकच आहे ना?

शंकेला कारण आहे. महायुद्धातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यूच्या क्राउनला (डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक) ३९ दात आणि पिनियनला (त्याला फिरवणारं, शाफ्टच्या टोकाचं लहान दातेरी चाक) ८, म्हणजे रेशो ४.८८. युद्धानंतरच्या सीजे मालिकेत सहसा ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. भंगारातून सुटे भाग जमवून उभ्या केलेल्या जीपमध्ये एक ॲक्सल एका गाडीचा, दुसरा दुसरीचा, असं सहज होतं. मग दोन्हींत दहा टक्क्यांचा फरक पडतो. या गाड्यांना मध्ये तिसरं डिफरन्शियल नाही, त्यामुळे फोर-बाय-फोरमध्ये हा फरक कुठेच सामावला जात नाही. चिखलात चाकं घसरून भागतं, पण डांबरावर टायर घासतात आणि ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलकडे ताकद वाटणारी गिअरपेटी) दांडा अडकून बसतो.

डिफरन्शियलच्या हाउसिंगच्या झाकणाच्या बोल्टखाली रेशोची पत्री असेल तर ती वाचा, पण तिच्यावर विसंबू नका. आतला संच कधी बदलला असेल कोण जाणे.

मोजायला सपाट जमीन, जॅक, स्टँड, खडू आणि एक मदतनीस लागतो. सुरुवात मागच्या ॲक्सलपासून करा. जमिनीवर राहणाऱ्या तिन्ही चाकांना पुढून-मागून उटी (चाक सरकू नये म्हणून लावायची पाचर) लावा. इथे हयगय नको. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसमागे प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या शाफ्टवर असतो. एक मागचं चाक उचललं की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी ओघळू शकते, कारण उचललेलं चाक उलटं फिरून तिला वाट देतं. शिवाय शाफ्ट फिरायला हवा म्हणून हँडब्रेक सोडावाच लागतो. गिअर न्यूट्रल, ट्रान्सफर केसचा दांडा टू-व्हीलवर.

आता एकच मागचं चाक उचलून ॲक्सलखाली स्टँड द्या. टायरवर आणि शाफ्टवर खडूची खूण करा. मदतनिसाने बाजूने वाकून शाफ्टचे फेरे मोजावेत, गाडीखाली शिरू नये. चाक हळूहळू २० वेळा फिरवा. दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असल्याने क्राउन निम्मेच, म्हणजे १० फेरे घेतो. शाफ्टचे फेरे भागिले १० म्हणजे रेशो. पावणेचोपन्न आले तर ५.३८, पावणेएकोणपन्नास आले तर ४.८८. चाक फिरेचना, तर आधी हँडब्रेक बघा. तो मोकळा असेल तर डिफरन्शियल लॉक केलेलं असण्याची शक्यता आहे.

पुढच्या ॲक्सलला हीच रीत. तिथे दांडा टू-व्हीलवर असला की पुढचा शाफ्ट मोकळा असतो, त्यामुळे हँडब्रेक ओढलेला राहू द्या. उटी मात्र लावाच.

झाकण उघडलेलंच असेल तर क्राउनचे दात मोजा. नुसता पिनियन बघून काही कळत नाही, तो दोन्हींत ८ दातांचाच.

आता कुठला रेशो ठेवायचा? टायरचा घेर २.२ मीटर धरा. ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ४५५ फेरे घेतं. टॉप गिअरमध्ये ५.३८ वर इंजिन सुमारे २,४४० आरपीएमला, ४.८८ वर २,२१५ ला. मूळ पेट्रोल इंजिन असेल तर माझं मत ५.३८ लाच. पहिला गिअर २.८, ट्रान्सफर केसची लो रेंज (हळू, जास्त जोराचा टप्पा) २.४६ आणि हा रेशो, तिन्हींचा गुणाकार ३७ च्या घरात जातो. घाटातल्या दगडी वाटेवर तोच कामी येतो. कमी आरपीएमचं डिझेल इंजिन बसवलं असेल तर ४.८८ सोयीचा.

बदलायचंच ठरलं तर क्राउन आणि पिनियन जोडीनेच घ्या, दोन्हींवरचा जुळणीचा नंबर एकच हवा. आणि दोन्ही ॲक्सलचं काम एकत्र करा. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) आणि दातांवरचा रंगाचा ठसा बघून शिम (पातळ चकत्या) लावणं हे सराईत मिस्त्रीचं काम. इथे पैसे वाचवू नयेत, चुकीचा बसवलेला संच आधी हुंकारतो आणि मग दात सोडतो.

स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, तिला ॲक्सलमधला बदल कळत नाही. ५.३८ काढून ४.८८ टाकल्यावर केबलची गिअर बदलेपर्यंत काटा ६० वर असताना गाडी ६६ ने पळत असेल.