ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं?
आधी एवढंच बघा: ब्रेक न दाबताही ताशी ८०-९० किलोमीटरच्या वेगात थरथर होते का? होत असेल तर बहुधा व्हील बॅलन्सिंग बिघडलंय. फक्त ब्रेक दाबल्यावरच होत असेल तर संशय पुढच्या डिस्कवर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या धातूच्या तबकडीवर. स्टिअरिंगऐवजी सीटमधून जाणवली तर मागच्या ब्रेकवर.

पण लगेच नवी डिस्क घेऊ नका. हबवरचा (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो भाग) गंज न घासता डिस्क बसवली किंवा चाकाचे नट कमी-जास्त आवळले, तरी डिस्क किंचित वाकडी फिरते. मग तिची जाडी असमान झिजते आणि नवी डिस्कही पुन्हा थरथरू लागते. मेकॅनिकला डायल गेज लावून रनआउट (फिरताना डिस्क किती डगमगते ते) मोजायला सांगा, कॅलिपरच्या (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना मोकळ्या सरकतात का तेही बघायला सांगा. ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढत असेल, तर आजच दाखवा.