मराठी चालते, पण आंटीकडे नाही

विद्यापीठात कंत्राटी नोकरी लागली तेव्हा कोल्हापुरात सगळे म्हणाले, गोव्यात काय, मराठी चालते. चालते, हे खरेच. पणजीत मराठी वर्तमानपत्रे दारात पडतात, विभागातले सहकारी मला पाहताच कोकणीवरून मराठीवर येत. पहिले सहा महिने मी या सौजन्यावर आरामात बसून काढले. तिथेच चुकले.

गोवा विद्यापीठ १९८५ साली सुरू झाले. ते ताळगावच्या पठारावर आहे, खाली जुवारी नदीचे पाणी. चारशे एकरांहून मोठा परिसर, आणि संध्याकाळी व्याख्याने संपली की इतकी सामसूम की वाऱ्याचाच आवाज. पणजीहून मिनीबस येतात, पण रात्री आठनंतर त्यांच्या भरवशावर राहू नका. दुचाकी लागतेच. पणजीत अडलात तर 'पायलट' शोधा. भाड्याने माणूस नेणारे मोटरसायकलवाले, पुढचा मडगार्ड पिवळा.

घर शोधताना मी दोनापावलाचा समुद्र बघत बसले. तिथल्या बऱ्याच मालकांना महिन्याच्या भाडेकरूपेक्षा चार दिवसांचा पर्यटक परवडतो. शेवटी ताळगाव गावात एका आंटीच्या घराचा वरचा मजला मिळाला. अकरा महिन्यांचा करार, पोलिसांकडे भाडेकरू नोंदणीचा अर्ज, हे सगळीकडचेच. मात्र घर मेमध्ये पाहून ठरवू नका, जमल्यास जुलैत पाहा. इथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि मेमध्ये छान दिसणारी भिंत कुठे पाझरते ते तेव्हाच कळते. माझ्या कोल्हापुरी चपलांवर पंधरा दिवसांत हिरवी मखमल उगवली. (आईला हे अजून सांगितलेले नाही.) जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, तेव्हा ताजे मासे कमी आणि महाग. आंटी त्याआधीच सुके बांगडे, कोकम, मिरच्या भरून ठेवते. त्या साठवणीला 'पुरुमेंत' म्हणतात.

दुपारी एक ते साडेतीन-चार गावातली बरीच दुकाने बंद. गॅसची शेगडी दुरुस्त करायला पहिल्याच शनिवारी दोनला निघाले आणि तीन दुकानांची शटरे पाहून परत आले. पहाटे मात्र पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की गाव जागे होते; पोळी घ्यायची तर त्याच्याआधी जिना उतरायचा. इथली पोळी म्हणजे कोंड्याचा गोल पोकळ पाव, आपली चपाती नव्हे. मी पहिल्या दिवशी डबा घेऊन उभी होते.

नोकरी बघणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच वाचावी: राज्य सरकारच्या बऱ्याच जाहिरातींत पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला आणि कोकणीचे ज्ञान मागतात. कंत्राटी कामाची मुदत संपत आल्यावर मला हे कळले. कोकणी शिकायची ठरवली ती, खरे सांगायचे तर, या धसक्याने.

विभागात शिकणे जमेना. मी एक कोकणी वाक्य जुळवेपर्यंत समोरचा मराठीत उत्तर देऊन मोकळा. आंटीला मात्र मराठी येत नाही. तिच्याकडे कोकणी नाहीतर इंग्रजी. तिने रोज जिन्यात गाठून विचारायचे, "जेवलें गो?" मला आधी राग आला. मी एम.ए. झालेली बाई, आणि हिने मला नपुंसकलिंगात घालावे? मग कळले की इथे धाकट्या मुलीला प्रेमाने असेच बोलतात. मोठ्या बाईला 'जेवली'.

तेव्हापासून रोज रात्री पंधरा मिनिटे तिच्या ओट्यावर बसते. माझे 'आसा' आणि 'ना' एवढेच पक्के आहे. क्रियापदे अजून घाटावरची. परवा पावसात बस चुकली, भिजत पोचले, तर आंटी दारातून शेजारणीला सांगत होती, "आमचें चेडूं अजून येवंक ना." (आमची पोर अजून आली नाही.) मी फाटकाशी उभी राहून म्हटले, "आयलें!"